ब्राउझरमधून सर्व्हरवरचे फंक्शन कसे चालवायचे?

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत एक तक्रार हमखास ऐकू येते: "सर, बटण दाबलेच नाही, तरी डेटाबेसमध्ये नोंद पडते." कोड उघडला की बटणाच्या ऑनक्लिकमध्ये पीएचपीचा तुकडा सापडतो आणि त्यात नोंद साठवणारे फंक्शन.

घोटाळा आहे तो वेळेचा. पीएचपी सर्व्हरवर चालते, तेही पान तुमच्याकडे येण्याआधी. पीएचपीचा तुकडा आला की सर्व्हर तो तिथल्या तिथे चालवतो आणि त्याचे आउटपुट त्या जागी ठेवतो. म्हणजे तुमचे फंक्शन पान तयार होतानाच चालून गेले. त्याने काही छापले नसेल, तर ब्राउझरच्या हाती येते ते रिकामे ऑनक्लिक. राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' पाहा, पीएचपीचे अक्षरही दिसणार नाही. पान रिफ्रेश केले की आणखी एक नोंद!

जावास्क्रिप्ट सर्व्हरवरचे फंक्शन थेट चालवू शकत नाही. ती एचटीटीपी विनंती पाठवू शकते, एवढेच. म्हणून ते फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि बटण दाबल्यावर 'फेच' वापरून त्या फाइलच्या पत्त्यावर पोस्ट विनंती करा. उत्तर जेसनमध्ये घ्या. पान पुन्हा लोड होत नाही. या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी दिले. तंत्र त्याआधीच, इंटरनेट एक्सप्लोरर ५ पासून, वापरात होते.

फेच लगेच परत देते ते उत्तर नव्हे, प्रॉमिस असते. 'अवेट' विसरलात तर कन्सोलवर नुसते प्रॉमिसच छापलेले दिसेल. याहून फसवी गोष्ट दुसरी आहे. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० पाठवला तरी फेच त्याला चूक मानत नाही, त्यामुळे कॅच ब्लॉक चालतच नाही. नोंद साठलेली नसते आणि तुमचे पान मात्र 'यशस्वी' म्हणून मोकळे होते. उत्तराचा 'ओके' हा गुणधर्म आधी तपासा, मगच जेसन वाचा.

आता ती वेगळी फाइल. तिचा पत्ता नेटवर्क टॅबमध्ये कोणालाही दिसतो आणि बटणाशिवायही तिला विनंती पाठवता येते. जावास्क्रिप्टमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीपुरती. खरी तपासणी या फाइलमध्येच हवी. विद्यार्थ्याचा क्रमांक विनंतीतून न घेता लॉगिनच्या सेशनमधून घ्या. नाहीतर क्रमांक बदलून कोणीही दुसऱ्याचा परीक्षा अर्ज भरू शकेल.