दोन तिकिटांचा प्रवास : मोठ्या विमानतळावर विमान बदलताना

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीचे तिकीट काढले की त्यातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. बोट थोडी उशिरा लागली तरी बस उतारूंसाठी थांबते, कारण त्यांना अलिबागपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी त्याच कंपनीने घेतलेली असते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्याची गोष्ट वेगळी. लाँचचे तिकीट वेगळे, रेवसहून अलिबागला जाणाऱ्या एस.टी.चे वेगळे. लाँच उशिरा आली आणि एस.टी. निघून गेली, तर लाँचवाला म्हणणार, ‘आम्ही तुम्हाला रेवसला आणून सोडले.’ एस.टी.चा कंडक्टर म्हणणार, ‘गाडी वेळेवर सुटली.’ दोघेही खरेच बोलतात. सामान घेऊन धक्क्यावर उभा राहतो तो उतारू.

विमानप्रवासातही नेमका हाच भेद आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. आपल्या समाजातील मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, कोणी बँकेचे कर्ज काढून. मुलाला भेटायला जाणारे आईवडील आहेत, थायलंड-श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जाणारे सभासदही आहेत. अशा घरातून पैसा जपून खर्च केला जातो. मग एका कंपनीने दुबईपर्यंत आणि दुसऱ्या कंपनीने तिथून लंडनपर्यंत, अशी दोन सुटी तिकिटे स्वस्त पडतात म्हणून घेतली जातात. त्यात गैर काही नाही. परंतु हे स्वस्त तिकीट कशामुळे स्वस्त आहे, हे घेण्यापूर्वी समजून घ्यावे. दोन विमानांमधला सांधा जोडण्याचे काम एरवी कंपनी करते. इथे ते प्रवाशाने स्वतः अंगावर घेतलेले असते.

पहिली गोष्ट, आपले तिकीट एक आहे की दोन, हे ओळखायचे कसे? कंपन्या दोन असल्या म्हणजे तिकिटे दोनच असतात असे नाही. अनेक कंपन्यांचे आपसात करार असतात व त्या एकाच तिकिटावर प्रवाशाला पुढे नेतात. उलट, एकाच संकेतस्थळावर एकदाच पैसे भरले म्हणून तिकीट एक झाले असेही नव्हे. काही संकेतस्थळे दोन वेगवेगळी तिकिटे एकत्र बांधून विकतात आणि बारीक अक्षरात लिहितात की विमान बदलण्याची जबाबदारी प्रवाशाची. तिकिटाच्या कागदावर तेरा आकडी क्रमांक असतो. दोन्ही टप्प्यांना तोच क्रमांक असेल तर तिकीट एक. क्रमांक निराळे असतील तर कंपनीला फोन करून सरळ विचारावे, ‘माझे सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत जाईल का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात पुढचे सगळे आले.

सामान हाच खरा कळीचा मुद्दा आहे. काउंटरवर बॅग दिली की तिला कागदी पट्टी लावतात. त्या पट्टीवर तीन अक्षरी संकेत मोठ्या ठशात छापलेला असतो. बॅग जिथे बाहेर यायची त्या विमानतळाचा तो संकेत. मुंबईचा बीओएम, दुबईचा डीएक्सबी, लंडनच्या हीथ्रोचा एलएचआर. लंडनला जाणाऱ्याच्या पट्टीवर डीएक्सबी असेल, तर बॅग दुबईच्या पट्ट्यावर येऊन फिरत राहणार व ती तुम्हालाच उचलावी लागणार. काउंटरवरून हलण्यापूर्वी ही अक्षरे वाचावीत. शंका असेल तर तिथेच विचारावे. मागे रांग आहे म्हणून संकोच करू नये.

आता बॅग उचलायची म्हणजे त्या देशात कायदेशीर प्रवेश करणे आले. सामानाचे पट्टे इमिग्रेशनच्या पलीकडे असतात आणि इमिग्रेशन ओलांडायला व्हिसा लागतो. इथेच सर्वांत मोठा खड्डा आहे. तो दुबईत नसून मुंबईतच असतो. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा प्रवास दुबईला संपतो. तुमच्याजवळ ब्रिटनचा व्हिसा असला तरी ती कंपनी विचारणार, ‘दुबईत उतरण्याची परवानगी कुठे आहे?’ ती दाखवता आली नाही तर विमानात बसू देत नाहीत. हा काउंटरवरच्या मुलीचा आडमुठेपणा नव्हे. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेला, तर त्याला परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो आणि बऱ्याच देशांत दंडही होतो. ठरावीक देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना दुबईत उतरल्यावर व्हिसा देण्याची सोय आहे, मात्र तिच्या अटी बदलतात. तिकीट घेण्यापूर्वी त्या सरकारी संकेतस्थळावर वाचाव्यात. ब्रिटनने तर २०२५ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना पासपोर्टवर शिक्का न देता संगणकीय व्हिसा द्यायला सुरुवात केली आहे. तेव्हा त्याची छापील प्रत व तो तपासून पाहण्याचा मार्ग दोन्ही हाताशी असावेत.

ज्याच्याजवळ फक्त हातातली बॅग आहे आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच मोबाईलवर आलेला आहे, त्याला बहुधा इमिग्रेशनच्या आतूनच पुढे जाता येते. पण तिथेही देशपरत्वे नियम आहेत. ब्रिटनमध्ये नुसते विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टधारकाला, काही अपवाद सोडल्यास, वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेत तर आतल्या आत विमान बदलण्याची पद्धतच नाही. पहिल्या अमेरिकन विमानतळावर सहसा प्रत्येकाने इमिग्रेशन करायचे आणि बॅग उचलून कस्टम्समधून न्यायची, तिकीट एक असले तरीही. आपल्या भारतातही परदेशातून येणाऱ्याला पहिल्या भारतीय विमानतळावरच इमिग्रेशन व कस्टम्स करावे लागते. लंडनहून दिल्लीमार्गे मुंबईला येणाऱ्याने दिल्लीचे तीन तास म्हणजे आरामात चहा पिण्याचे तीन तास समजू नयेत.

बॅग देशात उतरली की त्या देशाचे कस्टम्सचे कायदेही तिला लागू होतात. आई मायेने डबे भरून देते. त्यातील मसाल्यात किंवा मिठाईत खसखस असेल तर ती संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. एकाच तिकिटावर ती बॅग दुबईच्या पोटातून परस्पर पुढे गेली असती. दोन तिकिटांवर ती तुमच्या हातात, तपासणीच्या टेबलासमोर असते. औषधांचेही तसेच, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नये. २००६ पासून जगभर द्रवपदार्थांना शंभर मिलिलिटरची मर्यादा आली आणि लोणचे, चटणी, तूप हे सारे त्या हिशेबात द्रवच धरले जातात. बॅग पुन्हा दिल्यावर सुरक्षा तपासणीही पुन्हा होते. त्यामुळे पहिल्या विमानात चाललेली पाण्याची बाटली दुसऱ्याच्या दारात काढून घेतली जाते. वजनाचेही पाहून ठेवावे. परदेशी जाणाऱ्या विमानात तेवीस किलोच्या एक-दोन बॅगा चालतात, पण देशांतर्गत विमानात साधारणतः पंधराच किलो. काही कंपन्या पुढचे परदेशी तिकीट दाखविल्यास सवलत देतात, काही देत नाहीत.

आता विमानतळ. पूर्वी मुंबई म्हटले की सहार नाहीतर सांताक्रूझ एवढेच. आज त्यांना टर्मिनल दोन व टर्मिनल एक म्हणतात. सहारची नवी इमारत २०१४ साली सुरू झाली. दोन्ही टर्मिनले एकाच विमानतळाची असली तरी रस्ते वेगळे आहेत आणि एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. आता भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका दोन्हींना जोडते. टर्मिनल एकच्या स्थानकावरून सहार रोड आणि त्यापुढचे स्थानक टर्मिनल दोनचे. मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी बरी, पण पावसाळ्यात संध्याकाळी रस्ता तुंबलेला असताना मेट्रोच आधी पोहोचवते.

त्यात नवी भर म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात, उलव्याजवळ उभा राहिलेला नवी मुंबई विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून तेथून विमाने सुटू लागली. रेवस-अलिबागकडच्या माणसाला पेण-पनवेल रस्त्याने तो मुंबईपेक्षा सोयीचा. मात्र त्यामुळे एक नवाच घोटाळा संभवतो. ‘मुंबई’ असे लिहून तिकीट शोधले की दोन्ही विमानतळांची विमाने एका यादीत येऊ शकतात. येण्याचे विमान एनएमआयला आणि पुढचे बीओएमहून, असे तिकीट घेतले तर मध्ये खाडी आहे. अटल सेतू २०२४ पासून खुला आहे हे खरे, पण सेतू ओलांडल्यावर शिवडीपासून सहारपर्यंतची वाहतूक काही कमी झालेली नाही. गोव्यातही दाबोळी आणि २०२३ पासून मोपा अशी दोन टोकांना दोन विमानतळे आहेत. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. धम्मयात्रेच्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण स्वस्त कंपन्यांची बरीच विमाने डॉन मुआंगहून सुटतात आणि दोहोंच्या मध्ये अख्खे शहर आहे. लंडन, न्यूयॉर्कची गोष्ट तर सांगायलाच नको. तीन अक्षरी संकेत जुळवून पाहणे हाच उपाय.

विमानतळ एकच असला तरी टर्मिनल कोणते हे पाहावे. दुबईत टर्मिनल एक व तीन शेजारी आहेत, पण दोन धावपट्टीच्या पलीकडे. दिल्लीत टर्मिनल एक आणि तीन यांच्यात काही किलोमीटरचे अंतर असून बस किंवा टॅक्सी करावी लागते. हीथ्रोवर दोन, तीन, चार आणि पाच अशी टर्मिनले आहेत. (एक नंबरचे २०१५ साली बंद झाले, ते शोधत बसू नये.) दोन व तीनमध्ये भुयारातून चालत जाता येते. चार आणि पाचसाठी आगगाडी आहे व टर्मिनलांमधल्या प्रवासाला तिचे भाडे पडत नाही.

विमानातून उतरल्यावर पाट्यांचे दोन रस्ते फुटतात. एका बाजूला ‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्शन्स’, दुसऱ्या बाजूला ‘अरायव्हल्स’ आणि बॅगेचे चित्र. गर्दी जिकडे जाते तिकडे जाण्याची आपल्याला सवय असते, पण ती गर्दी एका तिकिटावरची असू शकते. ज्याची बॅग इथे बाहेर येणार आहे त्याने अरायव्हल्सचाच रस्ता धरावा. इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स, मग बाहेर पडून निर्गमनाचा मजला. तिथे दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर नव्याने बॅग द्यायची, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा दार क्रमांक शोधायचा. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारणतः विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. म्हणून दोन विमानांमधले अंतर मोजताना दुसऱ्या विमानाची वेळ धरू नये, त्याच्या एक तास आधीची वेळ धरावी. माझ्या मते पाच तासांहून कमी अंतराचे सुटे तिकीट घेऊच नये आणि विमानतळ बदलायचा असेल तर मध्ये एक रात्र ठेवावी. त्या दिवशी पुढचे दुसरे विमान नसेल तर अधिकच.

वेळेबाबत आणखी दोन गोष्टी. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, लंडनचे हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास. आणि मध्यरात्रीनंतरचे विमान. तिकिटावर १५ तारीख व वेळ रात्री साडेबारा असेल, तर घरून १४ तारखेला दुपारीच निघायचे. रेवसहून लाँचने येणाऱ्याने भरती-ओहोटीही पाहावी. ओहोटीला बंदरातल्या गाळामुळे फेऱ्या मागेपुढे होतात.

इतके करूनही पहिले विमान उशिरा झालेच तर? मोबाईलला सिग्नल मिळताच दुसऱ्या कंपनीला, तिचे विमान सुटण्यापूर्वी, कळवावे. हे फार महत्त्वाचे आहे. न कळवता प्रवासी गैरहजर राहिला तर त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे, परतीचा प्रवाससुद्धा, रद्द होतात. वेळेत कळविल्यास काही कंपन्या भाड्यातला फरक घेऊन पुढच्या विमानात जागा देतात. पहिल्या कंपनीकडून उशिराचा लेखी दाखला मागून घ्यावा. प्रवास विमा काढताना ‘सुटे तिकीट असल्यास भरपाई मिळेल का’ हे एजंटला विचारून पॉलिसीत तसे कलम दाखवायला सांगावे. कित्येक पॉलिसीत दोन विमानांमध्ये किमान किती तास असावेत याची अट असते.

वडीलधाऱ्यांसाठी एक सूचना. चाकाची खुर्ची मागितली असेल तर ती दोन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी नोंदवावी लागते. पहिल्या कंपनीचा मदतनीस आजीबाईंना बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडतो आणि तिथे त्याचे काम संपते. इंग्रजी न येणाऱ्या, एकट्या प्रवास करणाऱ्या माणसाला ती अर्ध्या तासाची वाट सर्वांत अवघड जाते. अशा व्यक्तीसाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी एकच तिकीट घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. नाइलाजच असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरात, मराठीत व इंग्रजीत, दोन्ही विमानांचे क्रमांक, टर्मिनल, दुसऱ्या कंपनीचे नाव आणि तिकडे उतरवून घेणाऱ्या नातलगाचा फोन लिहून तो कागद पासपोर्टच्या आत ठेवावा.