डूम मेटल ऐकताना भीती का वाटते?

सुरुवातीला पावसाचा आवाज, ढगांचा गडगडाट, लांबून येणारे चर्चच्या घंटेचे टोले. मग अचानक गिटारचे तीन संथ, जड सूर. 13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवारी, ब्रिटनमध्ये आलेला 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम असा सुरू होतो. डूम मेटल या संगीतप्रकाराचं मूळ याच गाण्यात असल्याचं मानलं जातं.

त्या तीन सुरांत काय आहे?

पहिला सूर 'सा' धरला, तर दुसरा वरचा 'सा' आणि तिसरा तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतात सा आणि तीव्र मध्यम यांतल्या अंतराला 'ट्रायटोन' म्हणतात. त्याला 'संगीतातला सैतान' असंही नाव पडलं. चर्चने त्यावर बंदी घातल्याची गोष्ट मात्र दंतकथाच आहे.

तीव्र मध्यम आपल्या यमनमध्येही असतो, पण तिथे भीती वाटत नाही. कारण तिथे तो पंचमाकडे किंवा गंधाराकडे सहज वळतो. इथे गिटार त्याच सुरावर येऊन थरथरत थांबते. कान पुढच्या सुराची वाट पाहत राहतो आणि अस्वस्थता वाढते.

आवाज इतका जड कसा झाला?

याचं उत्तर एका अपघातात सापडतं. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. वयाच्या 17व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात तोच होता.

त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर चामडं लावलं आणि बारीक तारा वापरल्या. पुढे 1971च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली लावली. तारा सैल झाल्याने दाबणं सोपं झालं आणि आवाज आणखी खोल गेला.

त्यात डिस्टॉर्शनची भर पडते. अँप्लिफायरवर क्षमतेपेक्षा जास्त ताण दिला की सूर खरखरीत होतो आणि जास्त वेळ टिकतो. म्हणूनच लय कितीही संथ असली तरी दोन सुरांमध्ये पोकळी जाणवत नाही.

मग ही सैतानाची पूजा आहे का?

बँडचं नाव 1963च्या एका भयपटावरून घेतलेलं होतं. ज्या गाण्यामुळे आरोप झाले, त्यातला माणूस काळी आकृती पाहून घाबरतो आणि देवाचा धावा करतो. बँडचे सदस्य गळ्यात क्रॉस घालायचे. गायक ऑझी ऑसबर्नच्या वडिलांनीच ते धातूपासून बनवून दिले होते.

पुढे स्वीडनच्या 'कँडलमास'ने आणि इंग्लंडच्या 'इलेक्ट्रिक विझार्ड'ने ही वाट आपापल्या पद्धतीने पुढे नेली. जुलै 2025मध्ये ब्लॅक सॅबथचे चारही मूळ सदस्य बर्मिंगहॅममध्ये शेवटचं एकत्र वाजवले. त्यानंतर काही दिवसांतच ऑझीचं निधन झालं. कारखान्यात बोटं गमावलेला टोनी त्या मंचावरही गिटार वाजवत होता.