भंगारातला ‘प्रभाकर’

छंद जडावा तर काही शोभिवंत वस्तूंचा, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. विलायतेत लोक काचेच्या फुलदाण्या जमवतात हे त्यांना कळल्यापासून घरात शिरणाऱ्या प्रत्येक जुन्या कंदिलाकडे त्या संशयाने पाहतात.

त्या फुलदाण्या आहेतच पाहण्याजोग्या. स्कॉटलंडातील पर्थ गावी, मॉनक्रीफ यांच्या कारखान्यात, १९२४ साली साल्वादोर इसार्ट या स्पॅनिश कारागिराने त्या करायला घेतल्या. तापलेल्या काचेचा गोळा रंगीत काचेच्या भुकटीत लोळवायचा, वर स्वच्छ काचेचा थर चढवायचा आणि मग फुंकायचा. पाण्यात शाई सोडावी तसे रंग आतच तरंगत राहतात. मालकाचे आणि कारागिराचे नाव जोडून मालाला ‘मोनार्ट’ म्हणू लागले. पण हे नाव असे कागदी चिठ्ठीवर. चिठ्ठी सुटली की फुलदाणी निनावी! मग संग्राहक ती उलटी धरून बुडाच्या घासलेल्या खुणेवरून कूळ ठरवतात. निनावी पोथीचा काळ भाषेवरून ठरवणाऱ्या आम्हा मराठीच्या मास्तरांना ही विद्या परकी वाटत नाही.

हिंगोलीत मोनार्ट कोठून यायला? येथे हैदराबाद काँटिंजंटची छावणी होती खरी, पण ती १९०३ सालीच उठली. मी जमवतो तो ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील.

त्याच्या आधीची कथा एका पैशाची आहे. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागितला, आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तेथे मुले काचकाम शिकली. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्याला औंधच्या पंतप्रतिनिधींचा आश्रय मिळाला. (हे औंध साताऱ्याकडचे, आमचे औंढा नागनाथ नव्हे!) कऱ्हाडजवळच्या त्या वस्तीला पुढे ओगलेवाडी हेच नाव पडले.

कंदिलाचा पत्रा गंजला तरी टिकतो. काच मात्र तापलेली असताना पाण्याचा एक थेंब उडाला की तडकते. शिवाय फुटक्या काचेची घाण्यात भर घातली की नवा माल लवकर वितळतो. म्हणून जुनी काच पुन्हा भट्टीतच जाते. फुलदाणी निनावी होऊन का होईना, उरते. आमची स्वदेशी काच बाटली होऊन जाते. कळमनुरीच्या एका भंगारवाल्याने मला अखंड काचेसकट कंदील दिला तेव्हा तो म्हणाला, “सर, पत्र्याचं वजन करतो. काच तशीच न्या, तिला कोण पुसतंय?”

अशा अकरा काचा माझ्याकडे आहेत. तळेगावची मात्र एकही वस्तू अद्याप हाती लागलेली नाही. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर एखादे जुने काचपात्र सापडले आणि घरातल्या आजीने “हे तळेगावचं हो” असे सांगितले, तर वाचकांनी तेवढे एका चिठ्ठीवर लिहून, दोऱ्याने त्याच्या गळ्यात बांधून ठेवावे.