एक गुंज लोखंड

विमानाच्या इंजिनाचा ऑइल फिल्टर करवतीनं कापत नाहीत. त्यासाठी वेगळं कटर मिळतं, डबा उघडायच्या कटरचं थोरलं भावंडच म्हणा. त्याचं धारदार चाक फिल्टरच्या कडेनं फिरतं आणि पत्रा न किसता अलगद कापतं. करवत चालवली तर तिचाच कीस आत पडेल, आणि मेकॅनिक त्या डब्यात नेमका कीसच शोधत असतो.

आत हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा कागद असतो. तो सुरीनं सोडवायचा, दोन फळ्यांमध्ये धरून दाबायचा, तेल निथळू द्यायचं आणि मग भर उजेडात उलगडायचा. काळा कण दिसला तर नखानं चिरडून बघायचा. भुगा झाला तर तो जळलेल्या तेलाचा कोळसा, काळजी नको. चिरडला नाही, चकाकला, तर त्याच्यावरून लोहचुंबक फिरवायचा. धावून आला तर पोलाद. जागचा हलला नाही तर ॲल्युमिनियम, कासं, किंवा आणखी काही. हा कारभार छोट्या विमानांच्या बाबतीत साधारण दर ५० उड्डाणतासांनी, तेल बदलताना होतो. बारामतीवर घिरट्या घालत शिकाऊ मुलं जी सेसना १७२ चालवतात, तिच्यासारख्याच विमानांबद्दल मी बोलतो आहे.

या तपासणीला जो तो इंजिनाची रक्ततपासणी म्हणतो. मला मात्र झारेकरी आठवतो. सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ झाडून नेणारा, ती पाण्यात धुऊन तळाशी बसलेले सोन्याचे कण वेचणारा झारेकरी. आणि साम्य तेवढ्यावर थांबत नाही. सराफ सोन्याचा कस बघायला ॲसिडची बाटली काढतो. विमानाच्या मेकॅनिकांच्या जुन्या पुस्तकांतही हीच विद्या दिलेली आहे. अनोळखी कण नायट्रिक ॲसिडच्या थेंबात टाकला आणि हिरवट ढग उठला तर तांबं किंवा कासं, पांढुरकं धुकं आलं तर चांदी. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये फसफसला तर ॲल्युमिनियम. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नला लावताच वितळला तर कथील. फरक एवढाच की झारेकऱ्याला कण मिळाला की आनंद होतो, मेकॅनिकच्या पोटात गोळा येतो.

हे झालं डोळ्यांना दिसणाऱ्या कणांचं. खरी गंमत न दिसणाऱ्यांची आहे.

तेल बदलण्याआधी विमान उडवून आणतात. इंजिन गरम असतानाच तेल सोडायचं, सुरुवातीची धार जाऊ द्यायची, शेवटची घ्यायची नाही, मधल्या धारेतली छोटी बाटली भरून प्रयोगशाळेला पाठवायची. काही दिवसांनी कागद येतो. त्यावर लोखंड, तांबं, क्रोमियम, निकेल, ॲल्युमिनियम, सिलिकॉन अशी नावं आणि प्रत्येकापुढे एक आकडा. एकक पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.

समजा लोखंडापुढे १८ लिहिलं आहे. म्हणजे किती? सेसनाच्या इंजिनात काठोकाठ तेल भरलं तर ते साडेसात लिटर, वजनानं साडेसहा किलोच्या आसपास. त्याच्या दहा लाख भागांतले १८ भाग म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. सोनाराच्या तराजूत ही जवळपास एक गुंज होते. आता हे इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांनी ५० तास चाललं असं धरा. ७२ लाख फेरे झाले. चार सिलिंडरांतले चार पिस्टन प्रत्येकी ७२ लाख वेळा खाली-वर घासले, व्हॉल्व्ह उघडले-मिटले, दात्यांवर दाते आदळले. या साऱ्या दांडगाईत इंजिनानं गमावलं काय, तर गुंजभर लोखंड. आणि ते साडेसहा किलो काळ्या तेलात विरघळल्यासारखं पसरलेलं असताना कुणीतरी मोजलं! मला तरी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा पुन्हा एकदा करून बघावा लागला.

मोजतात कसं? जाळून. थोड्याशा तेलात कार्बनची चकती फिरत ठेवतात. चकतीच्या कडेला तेलाचा पातळ थर चढतो आणि वर धरलेल्या कार्बनच्या टोकातून त्याच्यावर विजेची ठिणगी पडत राहते. त्या उष्णतेत धातूचे अणू पेटून प्रकाश सोडतात. लोखंडाचा प्रकाश ठरावीक रेषांचा, तांब्याचा वेगळ्या रेषांचा. रेषा कुणाची यावरून धातू कळतो आणि ती किती ठळक यावरून प्रमाण. १८५९ साली हायडेलबर्गमध्ये बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी या विद्येचा पाया घातला. नऊ वर्षांनी तिनंच सूर्यावरचं हेलियम दाखवलं. इथे विजयदुर्गचं नाव येणारच. तिथले 'साहेबाचे ओटे' दाखवून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरला १८६८ साली हेलियम याच किल्ल्यावर सापडल्याचं सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होता, आणि हेलियमच्या शोधात ज्याचंही नाव घेतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन ऑगस्टच्या ग्रहणात गुंटूरला होता. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आला, पण जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. असो. ज्या युक्तीनं पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्याची घडण कळली, तीच पुढे काळ्या तेलाच्या कामी आली. आधी आगगाड्यांच्या: १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेनं आपल्या डिझेल इंजिनांचं तेल असं तपासायला घेतलं. पुढच्या दशकात अमेरिकी नौदलानं ती पद्धत विमानांना लावली.

कागद हातात आला की वाचणं ही वेगळीच कला. क्रोमियम वाढलं तर पिस्टनच्या रिंगांकडे बघा, त्यांच्यावर त्याचा मुलामा असतो. ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टनकडे. तांबं बुशांतून आणि व्हॉल्व्हच्या गाइडांतून येतं. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ, एअर फिल्टरच्या कडेनं कुठेतरी हवा चोरवाटेनं आत शिरते आहे. (कधी कधी नुकत्याच लावलेल्या सीलंटमुळेही तो आकडा फुगतो, उगाच घाबरायचं कारण नसतं.) शिशाचा आकडा मात्र बघून न बघितल्यासारखा करावा लागतो. या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असतं, ते पिस्टनच्या कडेनं झिरपून तेलात शेकड्यांनी, हजारांनी पीपीएम उतरतं. त्या गर्दीत बेअरिंगचं चिमूटभर शिसं ओळखणार कसं?

एकट्या आकड्याला अर्थ फारसा नसतो. एका इंजिनात लोखंड कायमच ४० असेल आणि ते सुखानं म्हातारं होईल, दुसऱ्यात १५ चे ३० झाले तर तिथे कान टवकारायचे. शिवाय विमान किती उडलं याइतकंच ते किती उभं राहिलं हेही विचारायचं. सेसनात असतात तशा लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. महिनाभर विमान हललं नाही की त्याच्यावरचं तेल ओघळून जातं, दमट हवेत त्याला गंज धरतो आणि पुढच्या कागदावर लोखंड वर चढतं. समुद्राकाठच्या पावसाळ्यात झाकून ठेवलेलं विमान रोज राबणाऱ्या विमानापेक्षा जास्त झिजू शकतं, ते असं.

ठिणगीनं धातू मोजणाऱ्या या यंत्राला एक मोठं आंधळेपण आहे, आणि ते माहीत नसणारा माणूस फसतो. साधारण आठ-दहा मायक्रॉनपेक्षा मोठा कण त्या ठिणगीत पुरता जळत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. संथ झिजेचा पीठासारखा बारीक चुरा यंत्राला दिसतो. पण एखादा दाता किंवा बेअरिंग तुकड्यातुकड्यानं उडायला लागलं, तर कागद स्वच्छ आणि फिल्टर चकाकतो आहे असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही करायचं. एकच करायची परवानगी असेल तर मी फिल्टर कापेन.

मोठ्या कणांचा आकारही बोलतो. सूक्ष्मदर्शकाखाली लेथच्या छिलक्यासारखा वळलेला कण म्हणजे काहीतरी कठीण टोक मऊ धातूला तासतं आहे. निळसर रंग चढलेला कण म्हणजे पोलाद भाजलं. चपटा, खवल्यासारखा पापुद्रा म्हणजे बेअरिंगचा किंवा दात्याचा पृष्ठभाग थकून सुटतो आहे.

जेट इंजिनांत आणि हेलिकॉप्टरांच्या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या वाटेवर लोहचुंबकाचे प्लग बसवलेले असतात. ते काढून त्यांच्यावर काय चिकटलं ते बघायचं. २५ मार्च २००९ रोजी स्कॉटलंडमध्ये एका सुपर प्यूमा हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्समधल्या अशाच प्लगवर एक कण सापडला. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. तो कुठला यावर उत्पादकाशी फोन झाले, ईमेल गेल्या, आणि त्या बोलाचालीत गैरसमज झाला. मधल्या गिअरभोवती ग्रहांसारखे फिरणारे जे गिअर असतात त्यांचा भाग उघडून बघितला गेला नाही. त्या भागाच्या आत लोहचुंबकांची एक कडी होती. बाकीचे कण प्लगपर्यंत पोचण्याआधी तिथेच अडकत होते. हेलिकॉप्टर आणखी ३६ तास उडलं. १ एप्रिलला उत्तर समुद्रातल्या तेलफलाटावरून परतताना त्यातला एक ग्रह-गिअर फुटला, डोक्यावरचा पंखा सुटून गेला आणि १६ माणसं मेली. चौकशी अहवालानं म्हटलं, तो कण त्याच गिअरचा होता. नंतर ती लोहचुंबकांची कडी काढून टाकायला लावली, सापडायचा तो कण प्लगवरच सापडावा म्हणून.

सात वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी, नॉर्वेत बर्गेनजवळच्या तुरॉय इथे त्याच घराण्यातलं दुसरं हेलिकॉप्टर तसंच कोसळलं. पुन्हा ग्रह-गिअर. १३ जण गेले. या वेळी प्लगनं काहीच सांगितलं नव्हतं. भेग पृष्ठभागाखालून वाढत गेली होती आणि तिनं इशारा देण्याइतका चुरा बाहेर सोडलाच नाही.

हे सगळं माहीत असलेला मेकॅनिक पन्नास तासांनी पुन्हा तेच कटर काढतो, कागद उलगडतो, उन्हात धरून एकेक घडी बघतो. काही दिसलं नाही तर हात पुसून लॉगबुकात एक ओळ लिहितो: फिल्टर कापून तपासला, धातू आढळला नाही. खाली इंजिनाचे तास, तारीख, सही.