आधी तुडूम बघा!



मध्यंतरी घरगुती कामाने गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याला जाणे झाले. मुलूख धानाचा नि जंगलाचा. तिथे उसाच्या माणसाने काय बघायचे, असे आम्हालाही वाटले. पण नजर लागली ती मामा तलावांवर. हे मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. 'माजी मालगुजारी'चे ते लहान नाव.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या राज्यात या कामाला उत्तेजन मिळाले आणि बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. हे कोहळी ऊस लावण्यातही नावाजलेले, म्हणजे आपले जुने भाऊबंदच! १९५१ साली मालगुजारी-जमीनदारी गेली, तलाव सरकारकडे आले नि दरसाल पाळीवर माती टाकणारे हात थांबले. गाळ चढला, बेशरम माजली.

आता जो तो म्हणतो, गाळ काढा. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही आणली. गाळ काढावाच. पण तळे म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पाळ म्हणजे बांध, जादा पाणी काढून देणारी सलंग आणि शेताला पाणी सोडणारी पाळीतली मोरी, तिला तिकडे तुडूम म्हणतात. तुडूम गळत असेल तर कितीही उकरा, पाणी दिवाळीलाच पळणार.

हे आम्ही ठेच खाऊन सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागात एका जुन्या तळ्यात पोकलेनवाल्याने पाळीचा पायथाच उकरला. आम्ही काठावर उभे, खोली वाढतेय म्हणून खूष! पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फुटली, खालच्या दोघांचा आडसाली ऊस आडवा झाला. त्यांच्या घरी चहा घेताना अजून मान वर होत नाही.

तेव्हा पाळीचा पायथा सोडून, आत उतार ठेवूनच गाळ काढावा. तळाची मूळ चिकणमाती फोडू नये, नाहीतर पाणी ठरत नाही. गाळ हलक्या, मुरमाड रानात घालावा. भारी काळ्या रानात निचरा बिघडतो. नि क्षार तपासल्याशिवाय एक ट्रॉलीही टाकू नये.

ज्यांच्या शिवारात जुने तळे आहे त्यांनी गाळाचा किलोभर नमुना घेऊन मार्चअखेर गट ऑफिसात यावे. आम्ही बघायला येऊ, आणि या खेपेला पोकलेनच्या आधी येऊ.