दोन शेळ्यांच्या घराला लस आधी



ज्याच्या गोठ्यात दहा जनावरे आहेत, त्याचे एक दगावले तरी संसार कसाबसा सावरतो. पण भूमिहीन मजुराच्या किंवा एकट्या बाईच्या दारात दोनच शेळ्या असतात. दुखणे असो, मुलांची वह्या-पुस्तके असोत, अडीनडीला तीच तिची बँक. साथ आली की ही बँक आठवड्यात बुडते. म्हणून लस टोचायची तर सुरुवात अशा घरापासून व्हावी.

शेळ्या-मेंढ्यांची घातक साथ म्हणजे पी.पी.आर., म्हणजेच शेळ्यांची बुळकांडी. भारतात ती प्रथम १९८७ साली तमिळनाडूत आढळली. जोराचा ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात चट्टे, हगवण आणि धाप ही तिची लक्षणे. या विषाणूवर नेमके औषध नाही. लस मात्र भरवशाची आहे. तीन महिन्यांवरील करडांना व मोठ्या शेळ्यांना एकदा टोचली की सुमारे ३ वर्षे काळजी नाही.

मग ती गरिबाच्या दारी का पोचत नाही? एका बाटलीत पुष्कळ शेळ्यांची लस असते. ती कालवली की बर्फावर ठेवून थोड्या तासांत संपवावी लागते. दोन शेळ्यांसाठी बाटली कोण फोडणार? शिवाय दुपारी डॉक्टर येतात तेव्हा बाई मजुरीला आणि शेळ्या रानात!

यावर उपाय आपल्याच हाती आहे :

१. वस्तीवर घरोघर जाऊन शेळ्या मोजा. यादीत दोन-तीन शेळ्यांची घरे आधी लिहा.

२. यादी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या आणि सर्वांसाठी एकच दिवस ठरवा. वेळ सकाळची, शेळ्या सोडण्यापूर्वीची घ्या.

३. मेंढपाळ बांधव दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात. कळप निघण्यापूर्वी निदान तीन आठवडे लस टोचून घ्या.

४. आजारी शेळीला लस टोचू नका. तिला वेगळी बांधा, डॉक्टरांना कळवा, बाजारात मात्र नेऊ नका. विकत आणलेली शेळीही तीन आठवडे वेगळी ठेवा.

मोठ्या गोठेवाल्यांनो, यात तुमचेही हित आहे बरं का! चराऊ रान एक, पाणवठा एक. शेजारणीच्या दोन शेळ्या लसीविना राहिल्या, तर साथीला गावात शिरायला वाट मोकळीच. तेव्हा या आठवड्यातच यादी करायला घ्या.