तलावात उणे पाणी कसं असेल?

आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात मामा तलाव कोणाला सांगायला नको. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, नाव तेवढं राहिलं. पूर्वी कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर आजही धानाच्या बांध्या भिजतात. काही ठिकाणी वरच्या तलावातून निघालेलं पाणी खालच्या तलावात येतं. अशाच दोन तलावांवरून आजचा विषय बघू: गणिताचं उत्तर ‘जवळपास बरोबर’ असलं की पुरतं का?

समजा, वरच्या तलावात १० एकक पाणी आहे आणि खालचा कोरडा आहे. पाणी जास्त तर बाहेर पडायचा वेगही जास्त. सोयीसाठी धरू की त्या क्षणी जेवढं पाणी आहे, त्याच्या ०.६ पट हा दिवसाचा वेग. हेच झालं अवकल समीकरण, म्हणजे आपलं डिफरन्शियल इक्वेशन. कागदावर सोडवलं तर दोन दिवसांनी वर ३.०१ आणि खाली ६.९९ एकक पाणी येतं. यात दोन गोष्टी बघा: पाणी कुठेच शून्याखाली गेलं नाही, आणि बेरीज १० च राहिली.

खरी समीकरणं मात्र कागदावर क्वचितच सुटतात. मग संगणक वेळेची पावलं टाकत जातो. सगळ्यात सोपी पद्धत ऑयलरची: आत्ताचा वेग घ्या आणि पूर्ण पावलाने गुणा. पाऊल दोन दिवसांचं घेतलं तर ०.६ × १० × २ = १२ एकक पाणी निघालं. होतं १०, गेलं १२! वर उणे २, खाली १२.

यावर अनेकदा होणारा उपाय म्हणजे उणे आकडा दिसला की तिथे शून्य टाकायचा. दिसायला ठीक, पण आता वर ० आणि खाली १२, म्हणजे २ एकक पाणी हवेतून आलं. खालच्या गावाने त्या भरवशावर उन्हाळी धान लावलं तर?

‘पाऊल लहान घ्या ना!’ बरोबर आहे. इथे पाऊल १/०.६, म्हणजे साधारण १.६७ दिवसांपेक्षा लहान असलं की उणे आकडा येत नाही. पण शेकडो तलावांच्या साखळीत एखादी छोटी बोडी भराभर रिकामी होत असेल, तर तिच्यापायी सगळ्यांनाच बारीक पावलं टाकावी लागतात.

इथे एक मराठी नाव येतं. सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पीएचडी केली आणि पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकवलं. उष्णता आणि प्रवाहांच्या गणनेवरच्या त्यांच्या १९८० च्या पुस्तकात एक युक्ती आहे: जी राशी कधीच उणे नसते, तिच्यातून जाणाऱ्या भागाला ‘नवीन भागिले जुनं’ या गुणोत्तराने गुणा. आपल्या तलावात नवीन पाणी = १० − १२ × (नवीन/१०). सोडवलं की नवीन = १०/२.२ = ४.५५. पाऊल कितीही मोठं घ्या, उणे होणारच नाही.

पण ही युक्ती फक्त जाणाऱ्या पाण्याला लावली तर खाली अजूनही १२ च येतात. बेरीज १६.५५! २००३ मध्ये बुर्शार्ड, डेलेरस्नायडर आणि मायस्टर यांनी हे दुरुस्त केलं: जे गुणोत्तर जाणाऱ्याला, तेच येणाऱ्याला. मग खाली १२ × ०.४५५ = ५.४५, आणि बेरीज पुन्हा १०. आज या पद्धतींना ‘मॉडिफाइड पाटणकर’ म्हणतात.

आता ४.५५ हे ३.०१ पासून लांबच आहे, हे खरं. एक दिवसाचं पाऊल घेतलं तर ३.९१ येतं, अर्ध्या दिवसाचं घेतलं तर ३.५०. म्हणजे चूक पाऊल लहान केलं की कमी होते, आणि तोवरही हिशेबात पाणी उणे होत नाही की आपोआप वाढत नाही. चूक किती, हे बघायलाच हवं. पण त्याआधी ती कुठल्या प्रकारची आहे, हे विचारा. थोडं चुकलेल्या अंदाजावर पाणीवाटप करता येतं. नसलेलं पाणी वाटता येत नाही.